मावशीने खोडलेला शब्द

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मावशी रिटायर होणार होती, तिच्या वॉर्डातल्या मुलींनी निरोप समारंभ ठेवला होता, आणि "तू काहीबाही लिहीत असतेस ना, मग मानपत्र तूच लिही" असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणतेय पण खरं तर मी हौसेनंच लिहिलं. पानभर. आधी तिला दाखवावं म्हणून गोव्यात मयेला, तिच्या घरी गेले तर ती अंगणात सुपात सोलं वाळत घालत बसली होती, बोटं कोकमाच्या रसानं लालभडक, आणि आभाळ असं भरून आलेलं की ती दर दोन मिनिटांनी वर बघून पावसाला शिव्या घालत होती. हात धुऊन, चष्मा लावून तिनं कागद घेतला आणि ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. नाइटचे रिपोर्ट लाल पेनानं लिहायची तिची सवय, घरातली किराण्याची यादीसुद्धा ती रात्री करत असली तर लाल. सगळं वाचलं. 'शुश्रुषा' लिहिलं होतं तिथे दुसरा उकार दीर्घ केला. मग 'खंबीर' हा शब्द खोडला. तीन ठिकाणी होता, तिन्ही ठिकाणी खोडला, सरळ एक रेघ, नर्स लोक चुकीची एन्ट्री खोडतात तशी, खालचं अक्षर वाचता येईल अशी. त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. कागद परत देत म्हणाली, "बाकी बरं आहे. चहा घेतेस?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू.

म्हणजे बघा, आमच्या घरात मावशी आणि खंबीर हे दोन शब्द वेगळे कधी उच्चारलेच गेले नाहीत. कुणाच्या घरी आजारपण आलं की आधी मावशीला फोन, कुणाला रक्त बघून चक्कर आली की "त्या मावशीकडून शिक जरा". आणि सगळ्यात मोठी गोष्ट आजीची. 2003 च्या जुलैत आजी गेली तेव्हा मावशी ड्युटीवर होती, फोन गेला, तरी ती शिफ्ट पुरी करूनच आली, आल्यावर रडली नाही, पदर खोचून आजीला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली. ही गोष्ट आमच्या घरात वीस-बावीस वर्षं सांगितली जातेय, चवथीला सगळे जमले की एकदा तरी होतेच. मी मानपत्रात तीच घातली होती, पहिला 'खंबीर' तिथलाच. ती ओळ मात्र तिनं ठेवली. ओळ ठेवली आणि शब्द काढला. हे काय गणित ते मला चहा संपेपर्यंत कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

मावशी 1988 साली लागली. त्याच्या दोन वर्षं आधी मांडवीवरचा पूल कोसळला होता, त्यामुळे नोकरीची पहिली वर्षं तिनं बेती ते पणजी फेरीबोटीतून काढली. नाइटला जाताना संध्याकाळची गर्दीची फेरी, डिझेलचा वास, पावसाळ्यात तिरपा पाऊस, आणि पांढरा युनिफॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत, कारण तो घालून फेरीत चढलं की पलीकडे पोचेपर्यंत कुणाच्या तरी सायकलीचं वंगण लागणारच. सकाळी परत येताना बाजारात आबोलीचा गजरा घ्यायची. ड्युटीवर फुलं माळता येत नाहीत म्हणून ड्युटी सुटल्यावर माळायची, आणि मग घरी येऊन झोपायची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले की मी तिच्या कुशीत शिरायचे, तेव्हा तिच्या हाताला स्पिरिटचा वास असायचा आणि उशीवर आबोली कुस्करलेली असायची. आबोलीला तसा वास नसतोच म्हणा. पण मला अजून स्पिरिटचा वास आला की डोळ्यांसमोर केशरी रंग येतो, याला काय म्हणतात कुणास ठाऊक. आणखी एक गंमत, घरी ती मावशी आणि इस्पितळात ती सिस्टर, कारण तिथे 'मावशी' म्हणजे आया. कोणी पेशंट चुकून तिला मावशी म्हणाला की ती बेडपॅन घेऊनच यायची. म्हणायची, "मावशी हाक मारलीत, मग मावशीचं काम."

पण ती शांत, सोशिक, देवी वगैरे अजिबात नव्हती हे पण सांगायला हवं. तापट आहे. भांडी आपटते. घाणेरडे विनोद सांगते आणि स्वतःच आधी हसते. कोविडच्या दोन वर्षांनंतर तर एक नवीनच झालं, फ्रिजचं दार नीट लागलं नाही आणि तो पिंपिं करायला लागला की ही देवपूजेतून सुद्धा ताडकन उठते, दोन पावलं टाकते, मग फ्रिज आहे हे लक्षात येतं आणि परत जाऊन बसते. त्यावर आम्ही हसायचो. ती पण हसायची.

नर्सचा स्वभाव हा विषय माझ्या डोक्यात खरं म्हणजे बाबांच्या आजारपणापासून आहे. बाबा अकरा दिवस ॲडमिट होते, कुठे ते सोडा. खिडकीजवळचा बेड, बाहेर धो धो पाऊस, आत फिनेल आणि ओल्या छत्र्यांचा वास. वॉर्डात दोन सिस्टर लक्षात राहण्यासारख्या. एक बोलघेवडी, आली की वॉर्डभर आवाज, बाबांना "भाई, आज हुमण नाही बरं का, पेजच खायची" असं म्हणत चार घास जास्त खायला लावायची, जे मला आणि आईला जमत नव्हतं. दुसरी अगदी उलट. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. "कूस बदला." "हात सरळ." एवढंच. मी तिच्यावर एकदा चांगलीच ओरडले होते, सलाईन संपत आलं तरी येत नाही म्हणून. तिनं बाटलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, "अजून वीस मिनिटं आहेत" म्हणाली आणि गेली. बरोबर वीस मिनिटांनी आली. त्याचा मला जास्तच राग आला.

मग एका रात्री सहा नंबरचे आजोबा गेले. तीनच्या सुमाराला. पडदे ओढले, धावपळ झाली, मग थांबली. बाबा गोळीच्या गुंगीत होते. मी खुर्चीत जागी, पडद्याखालून फक्त पायांची ये-जा दिसत होती. ती दुसरी सिस्टरच होती ड्युटीला, ती आणि एक आया. पाण्याचा आवाज, कापसाचं पुडकं फाडल्याचा आवाज, आणि ती आजोबांशी बोलत होती, खरंच सांगते, "कूस बदलते हं आता" असं, गेलेल्या माणसाला. मग ट्रॉली गेली, बेडवरची चादर गेली. सहा वाजता ती इंजेक्शन घेऊन बाबांकडे आली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "हात सरळ. झोप लागली?" बाबा म्हणाले, लागली. ती पुढच्या बेडकडे. मला त्या आवाजाचं थंडपण सहन होईना. ही बाई आहे की दगड, असं मी आईला फोनवर म्हटलं सुद्धा. नंतर चहा पिताना बाबांनी सहज विचारलं, सहा नंबरवाले कुठे दिसत नाहीत, डिस्चार्ज मिळाला का? तेव्हा मला कळलं की त्या वॉर्डातल्या सोळा-सतरा माणसांची ती रात्र कुणी सांभाळली होती. बाबांचं बीपी त्या सकाळी नॉर्मल आलं होतं. जाताना मी फीडबॅकच्या फॉर्मवर मात्र त्या बोलघेवडीचंच नाव लिहिलं, कारण फॉर्म भरायच्या वेळी समोर तीच होती. दुसरीचं नाव मला माहीतच नव्हतं.

तर चुलतबहिणीची मुलगी एमएस्सी नर्सिंग करतेय, तिचा अभ्यासाचा विषय नेमका हाच, नर्सचा रेझिलियन्स (म्हणजे ताण सोसून परत उभं राहणं), स्वभाव आणि काम. रेझिलियन्सला मराठीत काय म्हणायचं यावर आमची जेवणाच्या टेबलावर अर्धा तास चर्चा झाली. चिवटपणा म्हटलं तर गार झालेली पोळी आठवते. लवचिक म्हटलं तर वेत. खंबीर म्हटलं की पुलाचा खांब, आणि मांडवीचा तो पूल पण पडेपर्यंत खंबीरच दिसत होता, आतल्या तारा खाऱ्या हवेनं गंजत आल्या होत्या ते वरून दिसत नव्हतं. मुलगी शेवटी वैतागून म्हणाली, मी रेझिलियन्सच लिहिणार. तिच्याकडे एक प्रश्नावली होती, कॉनर आणि डेव्हिडसन या दोघांनी 2003 मध्ये तयार केलेली, पंचवीस वाक्यं, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे शंभरातले मार्क. तिनं ती मावशीपुढे ठेवली. मावशीनं विचारलं, "ड्युटीच्या आधी भरू की नंतर?" मुलगी म्हणाली, कधीही. मावशी म्हणाली, "मग दोन कागद दे." मुलीनं दिला नाही, अभ्यासात ते बसत नाही म्हणे. मला तो दुसरा कागद बघायला फार आवडलं असतं.

त्या मुलीकडून मी नंतर बरंच काही ऐकलं आणि थोडं स्वतः वाचलं. स्वभावाची पाच मापं असतात म्हणे, नवीन गोष्टींबद्दलचं कुतूहल, काम चोख करण्याची वृत्ती, माणसांत मिसळणं, मिळतंजुळतं घेणं आणि पाचवं म्हणजे मन किती लवकर ढवळतं ते. बॅरिक आणि माउंट यांनी 1991 साली ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले तर कुठल्याही नोकरीत कामाशी सगळ्यात सातत्यानं नातं सापडलं ते चोखपणाचं. मिसळण्याचा फायदा विक्री वगैरे करणाऱ्यांना. हे वाचल्यावर मला ती वीस मिनिटंवाली सिस्टर आठवली आणि माझा फीडबॅक फॉर्मही आठवला. पण लगेच बाबांचे ते चार घास पण आठवले, त्याचं काय? ते कुठल्या मापात मोजायचं? नर्सवरच्या अभ्यासांत रेझिलियन्स जास्त असलेल्यांचं काम चांगलं असं बहुतेक ठिकाणी निघतं, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत माझं काम चांगलं आहे हे ती नर्सच एका कागदावर लिहिते आणि मी चिवट आहे हेही तीच, त्याच दिवशी, त्याच पेनानं. मुलीला हे म्हटलं तर ती म्हणाली, हो, हे लिमिटेशन्समध्ये लिहायचं असतं. बरं.

त्याहून मला धरून ठेवलं ते एका जुन्या अभ्यासानं. इझाबेल मेन्झीस नावाची बाई, लंडनच्या एका टीचिंग हॉस्पिटलात शिकाऊ नर्सेसचं निरीक्षण करत होती, 1960 च्या आसपासचं हे. तिचं म्हणणं असं की मरण, घाण, वेदना, नातेवाइकांचा राग या सगळ्याची जी भीती मनात साठते ती नर्सनं एकटीनं पेलायची नाही म्हणून इस्पितळच काही पद्धती तयार करतं. एका पेशंटचं सगळं एकीनं करायचं नाही, कामं तोडून वाटायची. पेशंटला नावानं नाही, बेड नंबरनं किंवा आजारानं ओळखायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. वाटेल तेव्हा बदल्या. यातून भीती कमी होत नाही असं तिचं मत, फक्त दूर ढकलली जाते, आणि गंमत म्हणजे मधेच शिक्षण सोडून जाणाऱ्या मुलींमध्ये चांगल्या मुलीही बऱ्याच असायच्या. म्हणजे ज्यांना पेशंट दिसायचा त्या जायच्या. हे वाचून मी पुस्तक मिटलं. सहा नंबर, आपण पण तेच म्हणत होतो की. मी सुद्धा. त्या आजोबांचं नाव मला कुठे माहीत होतं, आणि ते असेपर्यंत रोज त्यांच्या बायकोनं आम्हाला चहा आणून दिला होता.

आणि ती दिवेवाली नाइटिंगेल, जिच्या वाढदिवसाला, 12 मे ला, आपण सगळीकडे मेणबत्त्या लावतो, ती क्रिमियाच्या युद्धावरून परत आल्यावर पुढची कितीतरी वर्षं स्वतः अंथरुणालाच खिळलेली होती. तिथूनच तिनं बहुतेक लिहिलं, मंत्र्यांना पत्रं पाठवली, इस्पितळांचे आराखडे तपासले. नव्वद वर्षं जगली. शपथेच्या कार्यक्रमात हे कोणी सांगत नाही. दिवा हातात घेऊन उभी असलेली बाई पोस्टरवर बरी दिसते, पलंगावर बसून चिडून पत्र लिहिणारी बरी दिसणार नाही.

असो. मानपत्राकडे येते. 

समारंभाच्या आदल्या दिवशी परत मयेला गेले. पाऊस पडून गेला होता, सोलं आत घेतली होती आणि घरभर आंबट वास. मावशी फणसाच्या आठळ्या सोलत होती, मी पण सुरी घेऊन बसले. माणसाच्या हाताला काम असलं की अवघड गोष्ट विचारता येते. विचारलं, खंबीर का खोडलंस? ती बराच वेळ काही बोलली नाही, आठळ्या सोलत राहिली. मग म्हणाली, "आईच्या वेळी मी रजा मागितली होती. चार दिवस आधीपासून मागत होते."

मी सुरी खाली ठेवली.

आजी शेवटच्या आठवड्यात होती हे मावशीला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, श्वास बघूनच कळलं होतं. तिनं अर्ज केला. वॉर्डात त्या आठवड्यात दोघी आजारी, एक बाळंतपणाच्या रजेवर, रोस्टर फाटलेलं. आणखी एकीनं रजा मागितली होती, घरी काहीतरी भांडण होतं, ती ऑफिसात बसून रडली. रजा तिला मिळाली. मावशीला सांगितलं गेलं, "तू खंबीर आहेस, तू निभावून नेशील, तिला नाही जमणार." "आणि ती मुलगी खोटं रडत नव्हती गो," मावशी म्हणाली, "तिला खरंच गरज होती. मी तिच्यावर कधी रागावले नाही. मला फक्त रडता आलं नाही त्या टेबलासमोर. मला तसं कुणापुढे येतच नाही. स्वभाव." फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, दोनला ओव्हर द्यायची होती, म्हणजे वॉर्ड पुढच्या शिफ्टच्या हाती सोपवायचा होता, बदली यायची शक्यताच नव्हती, वॉर्डात तीस पेशंट. ती थांबली. औषधांची ट्रॉली फिरवली, एका म्हातारीचं ड्रेसिंग केलं, दोनला ओव्हर दिली, दुसऱ्या दिवशीची औषधं कुठली मागवायची ते सुद्धा नीट सांगितलं. मग बस स्टँडवर कदंबाच्या बसला उभी राहिली. "बसमध्ये पण रडले नाही. जागा नव्हती, उभीच होते."

आणि घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघून तोच शब्द काढला. अंगणात, आजी ओसरीवर असताना, कुणीतरी म्हणालं असणार, बघा किती खंबीर. कदाचित माझी आईच. मी तेव्हा कॉलेजात होते, मला सुद्धा ते ऐकून भारी वाटलं होतं, आपली मावशी अशी. वीस-बावीस वर्षं आम्ही ती गोष्ट सांगतोय आणि ती आमच्यासमोर बसून ऐकतेय, खतखतं वाढतेय. मी विचारलं, मग ती ओळच का नाही खोडलीस? तर म्हणाली, "ड्युटी केली ती केलीच ना. ती खरी आहे." आणि मग हातातली आठळी बघून, "ही किडकी आहे, टाक."

रात्री घरी येऊन मी मानपत्र परत लिहायला बसले. 'खंबीर'च्या जागी कणखर, धीराची, निग्रही, सगळे शब्द लावून बघितले, सगळ्यांतून तोच टेबल दिसायला लागला. शेवटी तीन जागा तशाच गाळल्या, वाक्यं जरा लंगडी झाली, होऊ देत म्हटलं. पण गोंधळ असा की पहिलं मानपत्र मी आधीच व्हॉट्सॲपवर त्या मुलींना पाठवलं होतं आणि त्यांनी ते फ्रेम करून पण आणलं होतं, सोनेरी किनारीचं. समारंभात निवेदन करणाऱ्या मुलीनं तेच वाचलं, जोरात, तिन्ही खंबीर एकदम ठासून. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत आक्रसून मावशीकडे बघत होते. ती स्टेजवर शाल, नारळ, आबोलीचा हा मोठा हार घेऊन बसली होती, छान हसत होती, फ्रेम हातात घेऊन फोटो पण दिला.

मग जेवण. बटाट्याची पातळ भाजी, पुऱ्या, श्रीखंड. दीडच्या सुमाराला हॉलच्या मागच्या रांगेत हालचाल झाली, दोनच्या शिफ्टच्या मुली उठायला लागल्या, कुणी पुरी हातातच गुंडाळून घेतली, एकीनं गजरा काढून पर्समध्ये टाकला, एक चालता चालता केस वर बांधत होती. मी मावशीजवळ जाऊन माफी मागणार होते त्या फ्रेमबद्दल. तिचं लक्ष नव्हतं. ती दाराकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काय गं?" मी विचारलं.

"तिघीच गेल्या," ती म्हणाली. "चार पाहिजेत." आणि श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवून ती अजून दाराकडेच बघत राहिली.